कागद दोघांनी वाचायचा

पार्बता वैनी गेल्याचा निरोप मला टाइम ऑफिसच्या खिडकीवर मिळाला. तिची मुलगी शांता चालत आली होती. "काका, माय गेली," एवढंच म्हणाली... आणि मी "कधी?" असं विचारत हातातल्या हजेरीपुस्तकातली ओळ पूर्ण करत राहिलो. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. ती ओळ मी का थांबवली नाही, याचा विचार करताना बरंच मागचं वर येतं.

वैनी माझ्या चुलतभावाची बायको, भंडाऱ्याकडची. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा दोघं कामाला आले. भाऊ वर्षभरातच तापानं गेला. वैनी लहानग्या शांताला घेऊन कॅम्प-१ मधल्या झोपडीतच राहिली. मी एका ठेकेदाराकडे हजेरी कारकून होतो. ती तिथेच रेजा, म्हणजे डोक्यावरून गिट्टीची घमेली वाहणारी मजूर. रविवारी काम बंद, म्हणून मजुरीही बंद. त्या दिवशी दुपारनंतर वैनी वस्तीतून हिंडायची आणि ज्या झोपडीतून धूर निघत नसेल तिथे थांबून एकच प्रश्न विचारायची, "आयतवारी काय रांधलं वो बाई?" कुणी म्हणे, कालचा पाण्यात भिजवलेला बासी भात. एकीनं सांगितलं, "पाव्हणे नाई आले आज, म्हून चूल नाई पेटवली." सगळ्या हसल्या. वैनीही हसली, पण झोपडी लक्षात ठेवून पुढे गेली. मला ती म्हणायची, "भाऊजी, तुमी हजेरीत आयतवार कोरा सोडता. पोटाले कसं सांगू, आज कोरा दिवस हाय म्हून?"

असे कितीतरी रविवार हिंडून तिनं बायका जमवल्या आणि अर्ज लिहायला मला बसवलं. "लिवा भाऊजी. आमी भीक नाई मांगून राहिलो. सहा दिवस वाहतो, त सातव्या दिवसाची भाकर त्याच्यातच निघाली पायजे. अन् घमेलं गड्याएवढं, त मजुरी बी गड्याएवढीच." ठेकेदाराचे मॅनेजर हिंदीच वाचायचे, म्हणून अर्ज हिंदीत लिहायचा होता. मी लिहिलं, की आम्ही गरीब बायका हात जोडून विनंती करतो, आमच्यावर दया व्हावी. मग तोच कागद समोर धरून मी वैनीचे शब्द, तिनं सांगितले होते तसेच, सगळ्यांना म्हणून दाखवले. "हेच लिवलं ना?" तिनं विचारलं. "हेच." एकेकीनं अंगठा उठवला. शाईचा डबा मीच पुढे करत होतो.

कारखान्यातल्या कायम नोकरीसाठी मला त्याच मॅनेजरांची शिफारसचिठ्ठी हवी होती, आणि माझं अक्षर ते ओळखत होते. खरं कारण एवढंच. पण तेव्हा मी स्वतःला समजावलं, की मागणी केली तर बायकांना काढून टाकतील, विनंती केली तर काहीतरी हाती लागेल. त्यातलं थोडं मला आजही खरं वाटतं, आणि लाज त्याचीच जास्त वाटते.

आठ दिवसांनी मॅनेजरांनी बायकांना रांगेत उभं केलं, अर्ज मोठ्यानं वाचला आणि प्रत्येकीला एक कांबळं दिलं. मजुरी होती तेवढीच राहिली. वैनीच्या शेजारची छत्तीसगढी बाई हळूच म्हणाली, "हमन अइसन नइ कहे रहेन." आम्ही असं म्हटलं नव्हतं. वैनी मॅनेजरांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. संध्याकाळी मी तिच्या दारात गेलो.

"भाऊजी, मी बोलली ते कुठं गेलं?"

"वैनी, तुमच्या भल्यासाठीच..."

"माह्या भल्याचं मले इचारलं असतं." मग चुलीकडे वळत, "बसा. चहा घ्या."

तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. मला मात्र पुन्हा काही लिहायला सांगितलं नाही. त्यानंतर कुठलाही कागद असो, ती दोघांकडून वाचून घ्यायची. एकाचं वाचून झालं की त्याला बाहेर बसवायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं. "परीक्षा घेऊन राहिली का वो?" असं कुणी चिडवलं की म्हणायची, "एखादा डोळा झोपते कधी कधी." मिळालेलं कांबळं तिनं अंगावर कधी घेतलं नाही. बायकांच्या बैठकीला तेच अंथरायची. "बसा, दया मऊ असते." मी कडेला विटेवर बसायचो.

दोन हिवाळे गेले. बायकांनी तीन दिवस घमेली खाली ठेवली, तेव्हा रविवारची मजुरी आणि गड्याबरोबरीचा दर मिळाला. पण पहिल्या अर्जावर अंगठा उठवणाऱ्या कितीतरी जणी तोवर गावी परतल्या होत्या. मी कायम झालो होतो. मधल्या दोन हिवाळ्यांतले रविवार माझ्यामुळे गेले, हे वैनीला सांगायचं असं मी मरोद्याच्या रस्त्यानं सायकलवर तिच्याकडे जाताना कितीदा तरी ठरवलं. तिच्या दारात पोचलो की पावसापाण्याचं बोलायचो.

गेल्या रविवारी शांतानं बोलावलं. खोलीत तेच कांबळं अंथरलं होतं, त्यावर नव्या ठेक्यावरच्या बायका बसल्या होत्या. अर्ज शांतानं स्वतः लिहिलेला. "काका, वाचून दाखवा." मी वाचला, जसाच्या तसा. तिनं कागद हातातून घेतला, शेजारणीला दिला आणि मला म्हणाली, "तुमी जरा बाहेर बसा." आईची रीत म्हणून तसं म्हणाली, की आईनं तिला कारणही सांगितलं होतं... कळलं नाही. मी उंबऱ्याबाहेर बसून आतला एकेक शब्द माझ्या वाचण्याशी ताडत राहिलो.

हे छापून आलं की शांता वाचेल. आणि मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावून पुन्हा एकदा वाचून घेईल.