अळणी श्रावण

ज्या घरातून एक लेकरू गेलेलं असतं, त्या घरात दुसऱ्याचं साधं अंग दुखलं तरी आई रात्रभर उशाशी जागी बसते. माझा थोरला गजानन ऐन बाविशीत तापाचं निमित्त होऊन गेला. त्यानंतर दोन वर्षांनी ज्योती, माझी धाकटी, वाळायला लागली, तेव्हा माझी श्रद्धा पार डळमळली होती. देव आहे की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. तो माझ्याच घरामागे का लागलाय, हा पडला.

बारावी झालेली धडधाकट पोरगी हंडाभर पाणी आणलं की भिंतीला टेकून बसायची. रंग काळवंडत चालला होता. उन्हानं असेल म्हणावं, तर तळहाताच्या रेषा, हिरड्या, लहानपणीच्या जखमांचे वणसुद्धा काळे पडलेले. आमच्या जवळा बाजारच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, शेजारणींनी दृष्ट काढली. फरक काही पडेना. मग मी औंढ्याच्या नागनाथाला बोलले, "अख्खा श्रावण आम्ही मायलेकी अळणी खाऊ, शेवटच्या सोमवारी तुझ्या दारात येऊ. पण हिला राहू दे."

मीठ सोडायचं मला काही वाटलं नाही. ज्योतीचे मात्र हाल झाले. एकदा ती मिठाच्या बरणीपाशी बोट चाटताना सापडली. "आई, लई मन होऊन राहिलंय गं, एक खडा तर दे," असं काकुळतीला येऊन म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. देवाला शब्द दिलाय, जिभेला जरा आवर घाल, म्हटलं. पोटची पोर तोंडानं मागत होती आणि मला ते जिभेचे चोचले वाटत होते.

शेवटच्या सोमवारी तिला सकाळपासून उलट्या होत होत्या. हे म्हणाले, पुढच्या सोमवारी जा. मी कसली ऐकते! नवस अर्धा राहिला तर काय होईल, या भीतीनंच मी तिला हाताला धरून औंढ्याच्या बसमध्ये चढवलं. आमच्या शेजारी एक अनोळखी बाई किराण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बस गावाबाहेर पडली आणि ज्योतीनं त्या पिशवीत हात घातला. खडेमिठाची पुडी फाडली, मूठ भरली आणि तोंडात कोंबली. चार लोकांत, परक्या बाईच्या पिशवीत हात! त्यात देवळाच्या वाटेवर नवस मोडलेला. लाजेनं आणि संतापानं मी तिचा हात ओढला.

ती बाईच मध्ये पडली. "वरडू नका अक्का, खाऊ द्या तिला." मग ज्योतीची हनुवटी धरून म्हणाली, "तोंड उघड बरं माय." हिरड्या बघितल्या आणि तिचा चेहराच उतरला. "माझ्या मालकाचं बराबर असंच व्हतं. काळे पडले, मीठ मागायचे, उलट्या व्हायच्या. नांदेडला कळलं काय हाय ते. हिला आताच्या आता घेऊन चला."

"आधी दर्शन करते, मग बघू," मी म्हटलं.

"देव कुठं जाऊन राहिला अक्का? पोरगी जाईल की!"

औंढ्याला उतरलो तेव्हा ज्योती पायावर उभी राहीना. त्या बाईनंच जीप ठरवली, स्वतः आमच्यासोबत बसली. जीप देवळाच्या वाटेला पाठ करून वळली, तेव्हा मी पदर तोंडात धरून रडले. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर काही हाती राहिलं नसतं. लगेच सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. मूत्रपिंडावर बारक्या ग्रंथी असतात. त्या ज्योतीच्या बंद पडत आल्या होत्या, त्यामुळे अंगात मीठच टिकत नव्हतं. सलाईन म्हणजे काय, असं मी विचारलं. मिठाचंच पाणी, त्या म्हणाल्या. मी त्या नळीकडे बघत बसले.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

मी गजाननाचं सांगितलं. तोही काळा पडला होता, उन्हातान्हात राबतो म्हणून आम्ही मनावर घेतलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यानं लोणच्याची फोड मागितली होती. उलट्या चालू होत्या, म्हणून मी दिली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेच असू शकतं. आता नक्की सांगता येणार नाही. आणि फोडीनं तो वाचला नसता, एवढं मनात पक्कं धरा." मी धरते. पण भाद्रपदात त्याची तिथी येते, तेव्हा लोणच्याच्या बरणीला हात लावायचं धाडस माझ्यात नसतं.

आमच्याकडचे म्हणतात, ती बाई म्हणजे साक्षात जगदंबा. मला हसू येतं. जगदंबा कशाला मिस्ड कॉल देईल? ही देते, आणि आपण उलटा फोन केला की पहिलं विचारते, "पोरगी गोळी घेती ना?" पण तिला माझ्या शेजारी कुणी आणून बसवलं, ते मला ठाऊक आहे. त्याचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. आणि गजाननाच्या वेळी तो कुठं होता, हेही मी त्याला विचारते. दर सोमवारी देवळात बसून विचारते. पूर्वी मी रागानं उठून यायचे. आता तशीच बसते, डोळे पुसते आणि हात जोडते.

मागच्या महिन्यात ज्योतीला ताप आला. तिला गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि तापात ती वाढवायची असते. कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. गजानन गेला ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. मी एकीकडे नागनाथाचं नाव घेत होते, एकीकडे जीपवाल्याचा नंबर शोधत होते. ज्योतीनं स्वतःच गोळ्या काढल्या, मोजून घेतल्या, वर पाणी प्यायली. "आई, घेतल्या गं मी. उलटी झाली तर दवाखान्यात जाऊ. आता बस इथं." मी तिच्या उशाशी बसले. तिचा श्वास ऐकत, देवा, आता तूच बघ, असं म्हणता म्हणता, गजानन गेल्यापासून पहिल्यांदाच मला तापलेल्या लेकराशेजारी झोप लागली.