नाताळगीतानं टाळलेलं दार

जालन्याच्या फलाटावर बाबा मला सोडायला आले तेव्हा सगळ्यांनाच माझं हसू येत होतं. भाषावार राज्यं झाली, हैदराबादेतली मराठी माणसं ट्रंका बांधून मराठवाड्याकडे निघाली, आणि मी नवी नवरी नेमकी उलट्या दिशेच्या गाडीत! नवरा रेल्वेत, क्वार्टर हैदराबादेत तारनाक्याला, मग करता काय? बाबा खिडकीशी उभे राहून एवढंच म्हणाले, "तिथली मंडळी नाताळगीतं तेलुगूत गातात म्हणे. चाल धर, शब्द येतील मागून."

जालन्याच्या आपल्या चर्चच्या मंडळीत नाताळगीतं गाणाऱ्यांचे पुढारी बाबाच. जालनेकरांनो, तुम्हाला आठवतच असेल, ढोलकी, झांजा, गॅसबत्ती घेऊन आपण ख्रिस्ती वस्तीत दारोदार गात फिरायचो आणि करंज्या खाऊन पोटं बिघडवून घ्यायचो. पण ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलेलं असे, तिथं बाबा हात वर करत. ढोलकी बंद, माना खाली, मुकाट्यानं पुढं. "दुःखाच्या दारात वाजवू नये," हा त्यांचाच नियम.

आई गेली त्या वर्षी तो नियम आमच्या घराला लागला. बाबा, मी आणि धाकटा भाऊ घरातच होतो. बाबा धुतलेला सदरा घालून, दार उघडं टाकून बसले होते. गाणं कोपऱ्यापर्यंत आलं, थांबलं, आणि आमचं घर ओलांडल्यावर पुन्हा सुरू झालं. "बरोबर केलं त्यांनी," असं म्हणून बाबांनी उठून दार लावलं. मलाही ते बरोबरच वाटलं.

तारनाक्याच्या पहिल्या नाताळात मी तेलुगू मंडळीबरोबर निघाले. शब्द अर्धेमुर्धे कळत, चाल मात्र पक्की. गाणाऱ्यांत सगळ्यात थोरल्या सुगुणम्मा. त्यांनी पहिलंच घर घेतलं ते नुकताच नवरा गेलेल्या बाईचं. मी घाबरून त्यांचा पदर ओढला. त्या माझ्याशी दखनीत, हैदराबादी हिंदीत बोलत. म्हणाल्या, "अंधेरा जिनके घर में है, उनकेच वास्ते तो आया ना वो, बेटी. दूसरों कू पीछे सुनाएंगे."

ढोलकीशिवाय, हळू आवाजात आम्ही गायलो. बाई दारात आली, रडली, आणि दुसऱ्या कडव्याला तिचाही आवाज मिसळला. मी जन्मभर ती गीतं सणाची म्हणून, करंज्यांची म्हणून गायले होते. पण त्या गीतांतले रात्री जागणारे भ्यालेले मेंढपाळ, मुक्कामाला उतारशाळेत जागा न मिळालेली बाळंतीण, ही सारी अडचणीतलीच माणसं की! सुवार्ता आधी त्यांचीच होती, आणि आपण त्यांना वगळून बाकीच्यांना वाटत होतो.

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा बाबांना हे सांगितलं.  ते म्हणाले, "त्या रात्री फार वाटत होतं गं, यावं त्यांनी. पण नियम माझाच, बोलायला तोंड कुठं होतं? आणि मी किती दारांवरून असा गेलो असेन!" येत्या नाताळात मी यायचं आणि दोघांनी आधी तीच घरं घ्यायची, असं ठरलं. त्याआधीच बाबा गेले. मी पोटुशी होते, डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं.

त्या नाताळात तुम्ही आमच्या दारावरून मुकाट्यानं गेलात, हे मला मागाहून कळलं. आत धाकटा भाऊ एकटा बसला होता. मी इकडे परक्यांच्या दारी तेलुगूत गात होते, आणि त्याच्यासाठी कुणीच गायलं नाही. 

आता हैदराबादेतच कुकटपल्लीला मुलाकडे असते. नातू विचारतो, "आजी, अपना घर तो यहीच है ना?" मी हो म्हणते. माझे यजमान गेले त्या वर्षी इथल्या मंडळीनं पहिलं गीत माझ्या दारात म्हटलं, तेव्हापासून हे घर झालं. जालन्याला मात्र मला घर म्हणवत नाही, याचं फार वाईट वाटतं. दोष तुम्हाला कसा देऊ? तुम्ही रीत पाळलीत, आणि ती तुम्हाला माझ्याच बाबांनी शिकवली होती.