उपरण्याखालचे चॅनेल

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलायची रीत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबतात, सौदा होतो. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. बैलाच्या बाबतीत ठीक आहे, बैल एकालाच विकायचा असतो. हवेतल्या लहरींचं तसं नाही. हे मी आमच्या शेठना सांगून सांगून थकले आणि ते हसून हसून थकले नाहीत.

शेठ आधी याच बाजारात दलाली करायचे. मग शहरात सावेडीला गाळा घेऊन वायरलेस इंटरनेट विकायला लागले. शहरातून डोंगरावरच्या टॉवरवर, तिथून घोडेगावच्या आसपासच्या वस्त्यांवर. घराच्या पत्र्यावर एक लहान डिश बसवली की झालं. या लहरींना परवाना लागत नाही, ज्याला वापरायच्या त्याने वापराव्यात. त्याच टॉवरवर आणखी दोन धंदेवाल्यांच्या डिश होत्या. तिघांनी वेगवेगळे चॅनेल, म्हणजे लहरींचे वेगवेगळे पट्टे, धरले तर तिघांचं निभतं. दोघे एकाच चॅनेलवर आले की एका खोलीत दोघांनी एकदम ओरडावं तसं होतं, कोणाचंच धड ऐकू येत नाही. हे कळायला इंजिनीयर व्हावं लागत नाही. मी झाले ती गोष्ट वेगळी. आमच्या सबंध भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या खाली करायचे. त्यामुळे ‘बाई, तुला यातलं काय कळतं’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. फिरायलाच पाहिजे.

घोडेगावच्या पुढे एका वस्तीवर एक सून होती. तीही बी.कॉम. झालेली, तीही माहेरात पहिली. पुण्याच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन ती घरी बसून इंटरनेटवरून घ्यायची. सासरची अट होती: नोकरी कर, पण उंबऱ्याच्या आत. तिची डिश मी स्वतः पत्र्यावर चढून बसवली. खाली उतरल्यावर तिने विचारलं, “ताई, लाइन जाणार नाही ना? फोन मधेच तुटायला लागले तर काढून टाकतात.” मी म्हणाले, “नाही जाणार. माझा शब्द.”

उन्हाळा लागला आणि लाइन जायला लागली. मी टॉवरवर जाऊन पाहिलं. आमच्या चॅनेलवर दुसरं कोणीतरी येऊन बसलेलं. कोण, ते यंत्र सांगत नाही. मी मोकळा चॅनेल बघून तिकडे सरकले. संध्याकाळपर्यंत तोही गजबजला. मी सरकले की कोणीतरी दुसरा सरकायचा, त्याने जागा घेतली की तिसरा हलायचा. खुर्चीसाठी पोरं पळतात तशी आमची पळापळ.

मी शेठना म्हणाले, “तिघांनी बसून चॅनेल वाटून घेऊ.”

“मॅडम, सौदा झालाय माझा. दोघांतल्या एकाशी.”

“काय ठरलंय?”

“वरचा चॅनेल आपला. तू तोच लाव, हलू नको.”

“आणि त्यांचे कोणते?”

“ते मी का विचारू? आणि आपला चॅनेल चारचौघांत सांगू नकोस. उद्या कोणी मुद्दाम त्याच्यावर येऊन बसेल.”

“आत्ता काय मुद्दाम नाही बसले?”

“इंजिनीयरबाई,” शेठ हसले, “धंदा पुस्तकात नसतो.”

मी वरचा चॅनेल लावला. लाइन होती त्याहून वाईट झाली. वस्तीवर गेले तर सून हेडफोन लावून कोणाची तरी माफी मागत होती. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या.

“तार न्हाई, खांब न्हाई, मंग तुटतंय काय गं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“हवेत गर्दी झालीय, मावशी.”

“हवंत? आमच्या वस्तीवर मानसं दिसंनात, आन् हवंत गर्दी व्हय!” त्या मनापासून हसल्या. सून हसली नाही. फोन ठेवून हळूच म्हणाली, “शेवटची ताकीद दिलीय, ताई.”

बाजाराच्या दिवशी तिघे मालक हायवेवरच्या एकाच हॉटेलात चहाला बसायचे, जुनी ओळख. मी तिथे गेले आणि उभ्यानेच, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात आमचा चॅनेल सांगितला. शेठचा कप हातातच राहिला.

तिसरा मालक म्हणाला, “अहो बाई, तो तर माझा हाय.”

“तुमचा कसा?”

त्याने दुसऱ्याकडे बोट केलं. “यानंच दिला.”

दुसरा म्हणाला, “तुज्याशी बोलताना मला तो नको हुता, म्हनून दिला.”

“आणि माझ्याशी बोलताना?” शेठनी विचारलं.

“तवाबी मला नकोच हुता की!”

कोणी कोणाला फसवलं नव्हतं. प्रत्येक सौदा आपापल्या जागी खरा होता, फक्त तिसऱ्याला माहीत नव्हता. मी तिघांना तिथेच तीन चॅनेल मोठ्याने वाटून दिले. कोणाची डिश कोणत्या दिशेला आणि ताकद किती ठेवायची तेही सांगितलं. चहा निवायच्या आत काम झालं. तेवढंच काम होतं ते! तेवढ्यासाठी मी सबंध उन्हाळा टॉवरवर तापलेलं लोखंड धरलं.

दुपारीच लाइन सुधारली. मी वस्तीवरच्या सुनेला फोन लावला. “झालं बघ. आता अजिबात तुटणार नाही.”

ती म्हणाली, “काल काढलं, ताई. कॉम्प्युटर परत पाठवायला सांगितलाय.”

“मी कंपनीशी बोलते. चूक आमची होती.”

“नका बोलू. घरात सगळ्यांना बरंच वाटलंय.”

शेठना सांगितलं तर म्हणाले, “अरेरे. मिळेल की दुसरी. आता लाइन सुरळीत झाली ना? मग तू का फुगलीयेस?”

दुसरी मिळालेली नाही. मी अधूनमधून विचारते. पुढच्या वेळी डिश तपासायला गेले तेव्हा तिच्या टेबलावर धान्याची पोती रचलेली होती. सासरे खाटेवर पडून मोबाईलवर कुस्त्या बघत होते.

“आता झ्याक चालतंय बरं का,” ते मला म्हणाले. “लई भारी काम केलं पोरी तू.”

ती चहा घेऊन बाहेर आली. मी चहा घेतला नाही. पत्र्यावर चढले आणि ढिला नसलेला नट पुन्हा आवळत बसले.