माझ्या शत्रूला वाक्यं देणारा इंग्रज

इंग्रजांनी या देशाला काय दिलं असं आजही मला कोणी विचारलं, तर काहीही दिलं नाही हे मी सोळा पानी पत्रक काढून सिद्ध करून दाखवीन. सतराव्या पानावर मात्र एका माणसाचा अपवाद करावा लागेल. तो माणूस इथे असता, तर आधीची सोळाही पानं त्याने कापून टाकली असती.

तो कर्जतजवळच्या कडावच्या बाहेर, एका शेतकऱ्याच्या आमराईतल्या दोन खोल्यांत राहायचा. दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून पुण्याच्या छावणीत जाताना त्याची गाडी कर्जतला थांबली होती. घाट चढायचा म्हणून मागून ढकलणारी इंजिनं लागेपर्यंत तो खिडकीतून डोंगर बघत बसला, आणि तीस वर्षांनी ते डोंगर पुन्हा बघायला दोन आठवड्यांसाठी म्हणून आला तो तीन वर्षं राहिला. मधल्या काळात तो विलायतेत टेलिव्हिजनसाठी विनोदी मालिका लिहीत असे. एका बुडत चाललेल्या छत्र्यांच्या दुकानातले दोन भाऊ, एवढ्या भांडवलावर त्याने अकरा वर्षं दर आठवड्याला सगळ्या देशाला हसवलं होतं. कडावात तेव्हा टेलिव्हिजन कोणी पाहिला नव्हता. त्याला दूध घालणारी बाई त्याचा धंदा विचारणाऱ्यांना सांगायची, "खोक्यात माणसं असतात, त्यांनी काय बोलायचं ते ह्यो सांगायचा." इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कुठे वाचली नाही. त्याचं मराठीही तिच्याकडूनच आलेलं, त्यामुळे हा साडेसहा फुटी गोरा गृहस्थ 'हाय' आणि 'नाय' असंच बोलायचा आणि मला 'काय रं' म्हणून हाक मारायचा. त्याला साहेब म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, नावाने हाक मारायला त्याचं वय आडवं येई. म्हणून मी त्याला तीन वर्षं काहीच म्हटलं नाही. नुसताच खाकरायचो.

आमची पहिली भेट मी त्याला हाकलायला गेलो तेव्हा झाली. नवा वसाहतवाद आमराईतून येतो, अशा अर्थाचं पत्रक मी घेऊन गेलो होतो. त्याने मला खुर्ची दिली, मोठ्याने वाचायला सांगितलं आणि खिशातून धावण्याच्या शर्यतीत असतं तसलं घड्याळ काढून दाबलं. त्या घड्याळावर तो सगळंच मोजायचा: कीर्तन, भांडण, दूधवालीचं दारात 'येते' म्हणणं आणि प्रत्यक्ष जाणं यांतलं अंतर. माझं वाचून झालं तेव्हा तो म्हणाला, "अकरा मिनिटं. तुजा शत्रू एकदा पन बोलला नाय." मी म्हणालो, शत्रूला बोलू द्यायला हे काय नाटक आहे? "मंग लोक कशाला बसतील?" तो म्हणाला, आणि मला चहा केला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मला टाइपरायटरसमोर बसवायला सुरुवात केली. ही त्याची लिहिण्याची रीत होती. विलायतेत तो आणि त्याचा एक जोडीदार मिळून लिहायचे. हा खोलीत फेऱ्या मारत वाक्यं बोलायचा आणि जोडीदार यंत्राशी बसायचा. जोडीदाराने टाइप केलं तर वाक्य जगलं, नाही केलं तर मेलं. तो जोडीदार आयुष्यात कधी हसला नव्हता. तो वारला, मग टेलिव्हिजनवाल्यांनी याला एक तरुण मुलगा दिला, आणि तो मुलगा प्रत्येक वाक्याला हसायचा. "हसनाऱ्या मानसासमोर लिवता येत नाय रं," तो मला सांगायचा, आणि माझ्या कपाळावरच्या आठ्यांकडे अशा प्रेमाने बघायचा की मला आणखी राग यायचा. माझ्याइतका न हसणारा माणूस त्याला अख्ख्या रायगड जिल्ह्यात मिळाला नसता.

एका श्रावणात माझ्या रागाला कारणही होतं. भात निघेपर्यंत डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाडीवर घरात दाणा नसतो, रेशनचं धान्य तेवढं खरं. ते घ्यायला चांगुणा नावाची बाई दीड तास उतरून कडावच्या दुकानात यायची, आणि दुकानदार तिला उद्या ये म्हणायचा. महिना संपला की त्या महिन्याचा वाटा बुडाला. तिच्यासारखंच वाडीतल्या सगळ्यांचं चाललं होतं. मी चार पत्रकं काढली होती. त्यांत दुकानदार नरभक्षक होता, जळू होता, गिधाडही होता. तो ती पत्रकं जपून ठेवायचा आणि त्यांत साखर बांधून द्यायचा.

हे ऐकून माझा इंग्रज दुकानात जाऊन बसला. चार दिवस दाराजवळच्या एका पोत्यावर बसून वहीत लिहीत होता. मग त्याने मला बसवून एक छोटं नाटक सांगितलं, गणपतीतल्या कार्यक्रमासाठी. मी टाइप करता करता थांबलो. सगळी चांगली वाक्यं दुकानदाराला होती. टेंपो घाटात बंद पडलाय. मापाचं भांडं कल्हईला गेलंय. आज अमावस्या, आज माप लावत नाय. चावी मेव्हण्याकडं हाय आन् मेव्हणा नेरळला गेलाय. मी म्हणालो, शोषकाच्या तोंडी विनोद घालणार? "तोंडात हायेतच त्याच्या," तो म्हणाला, "म्या नुसतं उतरवलं." चांगुणासाठी मी स्वतः एक भाषण लिहिलं होतं, वीस मिनिटांचं, त्यात भूमी होती, घाम होता, पहाट होती. त्याने ते शांतपणे वाचलं आणि खोडून एकच शब्द ठेवला: बरं.

चांगुणाचं काम चांगुणानेच करायचं होतं. यावर कडी म्हणजे दुकानदाराचं काम त्याने दुकानदारालाच दिलं. मी दोन दिवस आमराईकडे फिरकलो नाही. पण गावच्या प्रत्येक नाटकात राजा व्हायची सवय असलेला तो माणूस मुख्य भूमिका म्हटल्यावर हुरळून गेला. "पाठांतर तर माजं हायेच," तो म्हणाला.

मांडवात गाव लोटला होता. दुकानदार काय सुंदर बोलला. टेंपोला लोक हसले, अमावस्येला तर मांडव हलला. प्रत्येक वेळी चांगुणा समोर उभी राहून "बरं" म्हणायची, रिकामी पिशवी घडी करायची आणि मांडवाला फेरी मारून पुन्हा यायची. तिसऱ्या फेरीला हसू कमी झालं. पाचव्यांदा ती "बरं" म्हणाली तेव्हा कोणीच हसलं नाही. दुकानदाराचं पुढचं वाक्य होतं, पण तो तिच्या पिशवीकडे बघत राहिला आणि ते त्याने म्हटलंच नाही. मी शेजारी पाहिलं, तर माझा इंग्रज रंगमंचाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. "मेव्हण्याला हसलास," तो म्हणाला. मी म्हणालो, नाही. त्याने घड्याळ बघून वहीत टिपलेली माझ्या हसण्याची वेळ दाखवली.

पुढच्या रेशनच्या दिवशी दुकानदाराने सवयीने तोंड उघडलं, "टेंपो..." आणि अख्खी रांग म्हणाली, "घाटात बंद पडला." तो ओशाळला. चांगुणा म्हणाली, "शेट, मेव्हणा आला का नेरळवरनं?" दुकानदार स्वतःच हसला, उठला आणि त्याने माप घेतलं. दुकान सुधारलं असं मी लिहिणार नाही, माप भरताना अंगठा आत असतो तो असतोच. पण तो भाद्रपद वाडीवर कोणी उपाशी काढला नाही. माझ्या चार पत्रकांना जे जमलं नव्हतं, ते एका खोडलेल्या भाषणाने केलं. हे कबूल करायला मला पुष्कळ दिवस लागले.

पुढच्या पावसाळ्यात त्याची छाती बिघडली आणि विलायतेतल्या बहिणीने बोलावून घेतलं. कर्जतला मी पोचवायला गेलो. पलीकडच्या फलाटावर पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं लागत होती. तो म्हणाला, "वर गेल्यावर ती सोडतात. गाडीतल्यांना कळत पन नाय." मग मुंबईची गाडी हलली, आणि तीन वर्षं अडलेला शब्द माझ्या तोंडून निघाला. मी म्हटलं, "काका, जपून." तो खिडकीतून म्हणाला, "ही ओळ ठेव. ही कापू नको."

आता मी पत्रक लिहिलं की दुकानदारालाच वाचून दाखवतो. तो अजिबात हसत नाही. ऐकून घेतो, तराजू पुसतो आणि म्हणतो, "लांबलंय. आन् आमी कुठं बोलतोय ह्याच्यात?" मी खोडतो. दाराजवळच्या त्या पोत्यावर तो अजून कोणाला बसू देत नाही.