निजामाच्या वेळची कमान

इतिहास माणसाला मृत्यूकडे स्थिर नजरेनं बघायला शिकवतो, असं म्हणतात. परवा धाराशिवात गुलाबजाम तळल्याचा वास आला आणि वडिलांबरोबरची एक दुपार आठवली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांचा रिपोर्ट वाचून फक्त मान हलवली होती. येडशीला आई वाट बघत होती. परतताना आण्णा धाराशिवलाच उतरले.

"आण्णा, येडशीची गाडी लागलीय."

"जाऊ दे. जुनं गाव कुठं बघितलंस तू?"

दर्ग्यापासून बाजारापर्यंत, मिरच्यांच्या ढिगांमधून त्यांनी मला फिरवलं. एका कमानीवर हात ठेवून म्हणाले, "निजामाच्या वेळची. लई माणसं जाताना बघितली हिनं." मी मान डोलावली.

मग त्यांनी गुलाबजाम मागवले.

"तुमची साखर?"

"आता साखरेला कोण भेतंय? आईला मात्र तूच सांग."

मला रडू आलं नाही. पाक बोटांना चिकटतोय, एवढंच कळत होतं.

आईला मीच सांगितलं. आण्णा दिवाळीआधी गेले.

परवा त्या कमानीपाशी मुद्दाम थांबलो. कोनशिलेवरच्या तारखेप्रमाणे ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.