नवरदेवाची गाडी दिवसाढवळ्या लाइट लावून उभी

"मावशी, गाडीचे लाइट लागले. बंदच होऊन नाही राह्यले," प्रल्हाद म्हणाला.

"मंग मले काय सांगतो? म्या फुलं लावली, लाइट नाही लावले."

तरी उठून बघावं लागलं. ऊन चांगलं वर आलं होतं आणि नवरदेवाची गाडी मांडवासमोर दोन्ही मोठे दिवे लावून उभी होती. इंजिन चालू होतं; ते बंद केलं की दिवे जायचे, चालू केलं की परत लागायचे. आत मामा बसले होते. मामा म्हणजे नवरदेवाचे मामा, गाडी त्यांची. खतांचं दुकान आहे त्यांचं. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

मी चिखलीत नवरदेवाच्या गाड्या सजवते. आधी स्टँडजवळ हार विकायचे. शाळा चौथीपर्यंत. गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. मला गाडीचं बाहेरचं अंग माहीत. टेप कागदी वापरायचा, कारण साधी चिकटपट्टी उन्हात रंग ओढून घेते. काचेवर रबरी वाटी दाबून बसवायची आणि तिला फुलं बांधायची. नंबर प्लेट झाकायची नाही, दिवे झाकायचे नाहीत, चालवणाऱ्याची नजर अडवायची नाही. सगळं झालं की पंपाने पाणी मारायचं, नाहीतर वाटेतच शेवंती मान टाकते. लग्न अमडापूरला होतं, आणि रस्त्याला सावली नाही.

भांडण त्या पाण्यावरूनच निघालं.

मामांनी काच खाली केली. "तुनं पाणी मारलं ना? वायरिंगमंधी गेलं ते. शॉट झाली गाडी."

"पावसाळ्यात गाडी घरात निजवता काय मामा?"

"जास्त बोलू नको. काल रातीपावतर चांगली होती."

प्रल्हादने मला बाजूला घेतलं. प्रल्हाद मांडववाला. मांडव, फुलं, गाडी असं सगळं काम तो एकत्र घेतो आणि त्यातलं गाडीचं मला देतो. हंगामातल्या माझ्या सगळ्या गाड्या त्याच्याकडूनच येतात. दुसरं कोणी मला बोलावत नाही, कारण बाकीच्यांकडे आता तरणी पोरं आहेत.

"मावशी, मामा सोयऱ्याधायऱ्यात बोलन. फुलवालीनं नवी गाडी बिघडवली म्हणन. मंग मले तुले काम देता येनार नाही. मी पह्यलेच सांगून ठेवतो."

"सांगितलं ना? आता लाइट बंद कर."

"मले कुठी येते? माही जीप जुनी. तिच्यात खटका खाली केला की लागते, वर केला की बंद."

मामांच्या गाडीत खटका नव्हता. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक दांडी आणि डाव्या बाजूला एक. मी खिडकीतून डोकं आत घातलं. मामांनी उजवी दांडी खाली दाबली. एका बाजूचा पिवळा दिवा टिकटिक करू लागला. वर उचलली, तर दुसऱ्या बाजूचा. ते वळताना दाखवायचे दिवे. दांडी पुढे ढकलली तर मोठे दिवे आणखी वर पडले आणि प्रल्हादने डोळ्यांवर हात धरला. त्याला अप्पर म्हणतात. मागे ओढून सोडली तर दिवे एकदा लखकन चमकले, तो डिपर. म्हणजे लावायचं सगळं जमत होतं. बंद करायचं काही सापडत नव्हतं.

मग मामांनी डावी दांडी ओढली. काचेवरचे वायपर उठले आणि मी खाली लावलेली झेंडूची अख्खी पट्टी त्यांनी झाडून टाकली.

"मामा, ती पुसाची दांडी हाय!"

"तुले काय कयते?"

"पुसलं ते दिसलं ना मले!"

उजव्या दांडीच्या टोकाला एक फिरतं कडं होतं. त्यावर बारकी चित्रं आणि एका जागी इंग्रजी अक्षरं. कड्यावरची खूण त्या अक्षरांसमोर होती. मामांनी कडं फिरवलं. प्रल्हाद समोरून ओरडला, "मोठे गेले! बारीक राह्यले!"

"बारीक कोनते?"

मामा उतरून पुढे आले. मोठ्या दिव्यांच्या वर दोन पांढऱ्या बारीक रेघा जळत होत्या. मामा बघतच राहिले. "हे तं म्या कधीच नाही पाह्यलं. पाह्य, पुरी वायरिंग गेली."

मला तेव्हा कळलं नाही, पण साधी गोष्ट होती. त्या रेघा इंजिन चालू असलं की जळतातच, दिवसासुद्धा. आणि इंजिन चालू असताना मामा नेहमी आत बसलेले. आपली गाडी समोरून कशी दिसते ते त्यांना कुठून माहीत असणार?

त्यांनी घाबरून आत जाऊन कडं पुन्हा अक्षरांवर आणलं. शोरूममधून आलं तसं राहू द्यावं म्हणून. मोठे दिवे परत लागले.

"शोरूमवाल्यानं काही सांगितलं नाही का मामा?" प्रल्हादने विचारलं.

"सांगितलं ना. लय सांगत होता. पन मी तवा पेढे वाटून राह्यलो होतो. मंग बायकोनं फोटो काढाले उभं केलं."

तेवढ्यात नवरदेव फेटा बांधून बाहेर आला. घामाने भिजला होता. "मामा, निंघाचं का नाही? तिकडून फोन येऊन राह्यले."

"या गाडीत नाही," मामा म्हणाले. "वाटेत वायर जयली तं? तुह्या मायले काय सांगू?"

प्रल्हाद माझ्याकडे वळला. "मावशी, फुलं काढ. माह्या जीपले लाव."

काढलेली फुलं परत लावली की बाजारातून उरलेली वाटतात. लोक हसतात, आणि नाव माझं खराब होतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी सगळ्यात आधी वरचा गोल काढला.

हा गोल म्हणजे शेवंतीचं मोठं वर्तुळ, मागे काळा फोम, मध्ये नवरानवरीची नावं. मी एरवी तो बोनेटवर ठेवते. यंदा प्रल्हादने मोबाइलवर कुठल्या तरी शहरातल्या गाडीचा फोटो दाखवला होता आणि म्हणाला होता, असाच पाहिजे. म्हणून काचेवर वर, मधोमध, आतल्या आरशाच्या समोर लावला होता. तिथे चालवणाऱ्याला अडचण होत नाही.

गोल हातात घेऊन मी जीपकडे चार पावलं गेले असेन.

"झाले! झाले बंद!" मामा आतून ओरडले. "म्या दांडीले एक टोला देला, त्यानं झालं!"

सगळे खूश झाले. प्रल्हाद म्हणाला, "लाव मावशी परत." मी गोल होता तिथे दाबून बसवला.

लाइट लागले.

मामांनी दांडीला टोला दिला. काही नाही. मग डाव्या दांडीलाही दिला. वायपर तेवढे हलले. नवरदेव खाली दगडावर बसला.

मी गोल पुन्हा काढला. हातातच धरून उभी राहिले. थोड्या वेळाने लाइट गेले. मग मी गोल खाली ठेवला आणि नुसता तळहात काचेवर टेकवला, त्याच जागी.

लाइट लागले.

"काय करून राह्यली व तू?" मामा चिडले.

"हात ठेवला. बस."

हात काढला. थांबले. गेले. आरशाच्या मागे काचेला आतून एक काळी डबी चिकटलेली होती. सजवताना दिसली होती, पण आतल्या गोष्टीशी माझं काय काम, म्हणून मी सोडून दिली होती.

नवरदेव उठून आला. त्याने स्वतः हात ठेवून पाहिला. "मामा, तुमच्या गाडीले वाटते रात झाली."

मामांनी वाकून आरशामागची डबी पाहिली. मग हळूच म्हणाले, "हाव बे. तो शोरूमवाला पोरगा म्हने खरा काहीतरी. अंधार पडला की आपोआप लागते म्हने. मले वाटलं गाडी इकाले सांगतेत."

"आपोआप नाही पाह्यजे असन तं?" मी विचारलं.

"तं कडं फिरवाचं असन."

"मंग फिरवलं होतं ना तुमी! मोठे गेले होते ना!"

मामांनी काच वर केली.

गोल बोनेटवर गेला, झेंडूची नवी पट्टी बांधली आणि गाडी निघाली. जाताना मामांनी हॉर्न वाजवायच्या ऐवजी डिपर दिला. मुद्दाम दिला की चुकून, ते कळलं नाही. पाण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. प्रल्हाद म्हणाला, "मावशी, परवा हिवरा आश्रमले एक गाडी हाय, येशीन ना?" जसं सकाळी काही झालंच नव्हतं. मी हो म्हटलं, पण फोटो दाखवायचा नाही असं बजावून.

दिवसा ऊन दिसत असताना गाडीने लाइट लावायचे का नाही ते स्वतः ठरवावं, याची माणसाला काय गरज पडली, ते मला अजून कळलेलं नाही. त्या पांढऱ्या रेघा इंजिन चालू असताना कशा विझवायच्या तेही कोणी सांगू शकलेलं नाही. पण काम करायला सगळं कळायला लागत नाही. आता मी पहिलं फूल लावायच्या आधी मालकाला आत बसवून गाडी चालू करायला लावते. डबी कुठे आहे ते विचारते. मालकाला माहीत नसतं. मग मी काचेवरून तळहात फिरवते आणि मान वाकवून खाली दिव्यांकडे बघते.

बाया म्हणतात, मावशी गाडीची दृष्ट काढून राह्यली. मी काही सांगत बसत नाही. परवा एकीने तर आपली स्कूटीही पुढे आणून उभी केली.