काकांचं कच्चं सफरचंद

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. बाबा एवढंच म्हणाले, "काका गेले. जिन्यातच. ये." मी वही मिटली, पेनाचं टोपण शोधलं, ते सापडेपर्यंत थांबले आणि मग निघाले. टोपण शोधत बसल्याची आता लाज वाटते. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला दुःख झालं नव्हतं. मनात पहिला विचार आला तो असा, की आता ते सफरचंद पुन्हा कधीच खावं लागणार नाही… गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात याआधी कुणी लेख लिहिलेला नाही, त्यामुळे विचारायलाही कुणी नाही.

तेराव्याला आलेले पाहुणे जेवताना म्हणत होते, वसंता हौशी होता, दिलदार होता. मी वाढत होते आणि ऐकत होते. काका हौशी नव्हते, बढाईखोर होते. फोर्टमधल्या एका ऑफिसात ते शिपाई होते आणि डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्यांनी जन्मभर 'अ‍ॅडमिनला आहे' असं सांगितलं. शिपाई असण्यात कमीपणा काहीच नाही. माझे बाबा लोअर परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टवर असतात आणि 'लिफ्टवर आहे' असंच सांगतात. पण काका संध्याकाळी ऑफिसातला इंग्रजी पेपर काखेत मारून यायचे, गॅलरीत खुर्ची टाकून तो उघडायचे आणि समोरून जाणाऱ्याला म्हणायचे, "देशाचं काही खरं नाही." त्यांच्यापुढे आमच्या घरात कुणी बोलत नसे. बाबासुद्धा. बारावीनंतर शिकणारी घरातली मी पहिली, आणि मी मराठी घेऊन बी.ए. करायचं ठरवलं. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदा 'बरं केलंस' म्हटलं असतं, तर आईच्या मनातली धाकधूक गेली असती, आणि माझीही. तो एक शब्द मला हवा होता. मी दोन वर्षं त्याची वाट बघितली, हे लिहितानाही मला माझाच राग येतो.

काका निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना एअर फ्रायर दिला. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला! ज्या कुणी तो निवडला, त्याने काकांचं घर कुठे आहे, एवढंही कधी विचारलं नसणार. काका मात्र सांगत सुटले, "साहेबांनी स्वतः पसंत केलाय." काकूच्या ओट्यावरचा परातीचा कोपरा त्या काळ्या धुडाने खाल्ला. आमच्या मजल्याची विजेची लाइन जुनी, दोन मोठी यंत्रं एकदम चालली की सगळ्यांचा फ्यूज उडतो. म्हणून दर रविवारी अकराच्या सुमारास काका गॅलरीत उभे राहून ओरडायचे, "इस्त्र्या बंद! मिक्सर बंद! मशीन लावतोय!" आणि मजलाभर लोक अर्धवट इस्त्री केलेले शर्ट, अर्धवट वाटलेलं खोबरं टाकून थांबायचे. त्या थांबण्यात काकांना केवढं सुख होतं, ते त्यांच्या मानेवरून दिसायचं. शेजारचे दळवी आजोबा, गिरणीत हयात गेलेले, ते आतून म्हणायचे, "भोंगा झाला रे! चला पाळीला." मग बाहेर येऊन, "अख्खी गिरणी थांबवतोस वसंता, आणि माल काय काढतोस, तर चार फोडी!"

त्या फोडी म्हणजे गरम सफरचंद. काका त्याला 'डेझर्ट' म्हणायचे. सफरचंद अर्धं कापायचं, बिया तशाच, वर चिमूटभर साखर, दालचिनीची पूड, आणि ते टोपलीत ठेवून खटका दाबायचा. 'टिंग' झालं की आम्ही वाट्या घेऊन उभं राहायचं. बाहेरून साल सुरकुतलेली, आत करकर वाजणारं कच्चं फळ, दाताखाली बी. "तेलाचा थेंब नाही," काका सांगायचे, "टेम्परेचरवर सगळा खेळ आहे. तेल म्हणजे विष." काकूच्या तळलेल्या बोंबलाला त्यांनी रविवारी बंदी घातली होती. आणि दुपारी मी पुस्तकं घेऊन खाली उतरले की नाक्यावर हेच गृहस्थ वडापाव खात उभे असायचे, मिरचीसकट. मला बघून पाठ फिरवायचे. मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगावंसं वाटण्याइतकीही किंमत मी त्यांना देत नव्हते, असं मी स्वतःला बजावायचे.

शेवटच्या त्या रविवारी मी निकाल घेऊन गेले होते. दुसऱ्या वर्षाला फर्स्ट क्लास. खोलीत बाबा होते, काकू होती, दारात दळवी आजोबा. "या, कॉलेजकन्या," काका म्हणाले आणि वाटी हातात दिली. मी निकाल सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, टोपलीतली दुसरी फोड चिमट्याने काढली आणि म्हणाले, "मराठीत काय फर्स्ट क्लास? ती तर आम्ही सगळेच बोलतो." बाबा हसले. त्यांना हसू आलं नव्हतं, तरी हसले. मी फोड चावली, बी लागली, आणि मी एरवी कुणाशी बोलत नाही तशा आवाजात बोलले, "काका, हे कच्चं आहे. दर रविवारी कच्चंच असतं. तुम्हाला कुणी सांगत नाही, मुकाट गिळतात, एवढंच."

दळवी आजोबा खो खो हसले. काकांनी माझ्या हातातली वाटी घेतली, मोरीत जाऊन उपडी केली, धुतली आणि पालथी ठेवली. पुढचे दोन रविवार मजल्यावर इस्त्र्या चालू राहिल्या. मला वाटलं, जिंकले… तिसरा रविवार आलाच नाही.

गेल्या आठवड्यात काकूने बोलावलं. बुधवारची दुपार होती, मजला कामावर गेलेला. "गे बाय, ह्या धूड घेऊन जा," ती म्हणाली, "माका भाकरी थापूक जागा नाय." मग गादीखालून तिने एक पुस्तिका काढली. यंत्राबरोबर आलेली, सगळी इंग्रजीत. सफरचंदाचं चित्र असलेलं पान मळून मऊ झालं होतं. त्यावर पेन्सिलीने, काकांच्या अक्षरात, इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवलेले होते. प्रीहीट, पुढे प्रश्नचिन्ह. कोअर, प्रश्नचिन्ह. खाली '१० मि.', त्यापुढेही प्रश्नचिन्ह.

"काकांना इंग्रजी येत नव्हतं?"

"अक्षरां लावीत."

"मग तो पेपर?"

"फोटो बघीत," काकू म्हणाली. "ह्या तेंका तुझ्याकडसून वाचून घेवचा होता. तीन रविवार भायर काढून ठेवल्यानी. तू इलंस की परत गादीखाली."

"मग विचारलं का नाही?"

"ते? आणि इचारतीत?" काकू हसली. "तुका येता आणि तेंका येणा नाय, ह्या मजल्याक कळला असता ना."

आता माझं मन द्रवलं असं लिहायला हवं होतं. तसं झालं नाही. मला भयंकर चीड आली. 'जरा वाच गं' एवढं म्हणायचं होतं या माणसाने. मला हवा असलेला शब्द तोच झाला असता, त्याहून मोठा झाला असता. त्याऐवजी त्यांनी वर्षभर सगळ्यांना कच्चं खायला घातलं आणि माझ्या शिक्षणाला हसत राहिले. आणि मी? फळ कच्चं का राहतं, पुस्तिका कुठे आहे, हे विचारण्याचं मलाही कधी सुचलं नाही. त्यांना हलकं समजण्यात मी इतकी रमले होते.

मी काकूला पान वाचून दाखवलं. कोअर म्हणजे मधला बियांचा भाग, तो चमच्याने कोरून काढायचा. यंत्र आधी तीन मिनिटं रिकामं तापवायचं. वेळ आकड्यात नव्हती, अक्षरांत 'फिफ्टीन' लिहिलं होतं, म्हणजे पंधरा मिनिटं. काकूने पोकळीत तूप आणि गूळ भरला, "साखरेन काय होता," म्हणत. दालचिनी लावली. पंधरा मिनिटांनी फोडी काढल्या तेव्हा गूळ बुडबुडत होता आणि चमचा साईत जावा तसा आत गेला. काकू म्हणाली, "बरां लागता." मला आवडलं नाही. शिजलेलं सफरचंद मला मुळातच आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं. वाटी मात्र संपवली.

यंत्र मी आणलं नाही. काकूनेही पुन्हा म्हटलं नाही. निघण्याआधी मी तिच्याकडे पेन्सिल मागितली. काकूला वाचता येत नाही, मला ते पान पाठ झालं होतं, म्हणजे त्याची गरज कुणालाच नव्हती. तरी बसले, आणि प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे मराठीत उत्तर लिहिलं, सुवाच्य, परीक्षेत लिहावं तसं. प्रीहीट : आधी तापवणे. कोअर : बियांचा गाभा, काढून टाकणे. शेवटी राहिलं '१० मि.'पुढचं प्रश्नचिन्ह. तिथे लिहिलं, पंधरा, काका.